मृतांचे फावे

'फावे देइ मोर्ती' या इटालियन शब्दांचा अर्थ मृतांचे फावे. फावा हे कडधान्य आहे. पावट्याहून मोठा, चपटा, जाड सालीचा दाणा. या नावाने जो पदार्थ विकला जातो त्यात मात्र कडधान्य नसते. ती बदामाची छोटी, लांबट बिस्किटे असतात, मधोमध बोटाने दाबून खळगा केलेली आणि म्हणून दाण्यासारखी दिसणारी. रोम, उम्ब्रिया, मार्के, एमिलिया-रोमान्या आणि ईशान्येकडचे त्रिएस्ते या भागांत ऑक्टोबर सरता सरता ती दुकानांत येतात आणि २ नोव्हेंबरला, कॅथलिकांच्या सर्व मृतांच्या स्मरणदिनी, घरोघर खाल्ली जातात.

इटलीत बदामाच्या बिस्किटांना तोटा नाही. सारोन्नोची कुरकुरीत आमारेत्ती, सिएनाची मऊ रिच्चारेल्ली, प्रातोची दोनदा भाजलेली कान्तुच्ची यांची कीर्ती देशाबाहेर गेली आहे. त्यांच्यापुढे मृतांचे फावे साधे वाटतात. पण त्यांच्या नावातच एक प्रश्न आहे. मेलेला माणूस खात नाही, हे भट्टी पेटवणाऱ्यालाही ठाऊक असते. मग त्याच्या नावाने केलेले अन्न कोणाचे? श्राद्धाचे पान वाढून कावळ्याची वाट पाहणाऱ्या समाजाला हा प्रश्न ओळखीचा आहे. इटलीत त्याला दोन हजार वर्षांत तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली आणि त्या तिन्हींच्या खुणा या बिस्किटावर राहिल्या.

कृती अवघड नाही. बदाम आणि साखर एकत्र कुटतात. बदामात निम्म्याच्या आसपास तेल असते. नुसते कुटले तर ते सुटून लगदा होतो, साखरेबरोबर कुटले तर पीठ मोकळे राहते. त्यात मैदा, थोडे लोणी, अंडे आणि लिंबाची किसलेली साल किंवा दालचिनी घालतात. काही घरांत चमचाभर ग्रापाही पडते, म्हणजे द्राक्षाच्या चोथ्यापासून काढलेली दारू. गोळा मळून त्याच्या लांब वळ्या करतात, बोराएवढे तुकडे पाडून ते अंगठ्याने दाबतात आणि मध्यम आचेवर भाजतात. भट्टीतून निघताना बिस्किटे मऊ असतात, गार झाली की कडक होतात. पेल्लेग्रिनो आर्तूझी याचा पाककृतींचा ग्रंथ १८९१ साली प्रथम निघाला आणि पुढे इटालियन घरांतला प्रमाणग्रंथ बनला. त्यात या फाव्यांच्या तीन कृती आहेत. सर्वांत नाजूक कृतीत मैदा अजिबात नाही; नुसते बदाम, साखर आणि अंड्यातला पांढरा भाग. त्रिएस्तेत हीच बिस्किटे पांढरी, गुलाबी आणि तपकिरी अशा तीन रंगांत करतात. जन्म, आयुष्य आणि मृत्यू असा त्या रंगांचा अर्थ तिथे सांगितला जातो.

बदामाची निवड चवीपुरती नाही. कडू बदाम कुटून ओला केला की त्यातल्या अमिग्डालिन या द्रव्याचे विघटन होते. त्यातून दोन गोष्टी बाहेर पडतात: ज्याला सारे जग बदामाचा वास म्हणते ते बेन्झाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड हे जहाल विष. सुगंध आणि विष एकाच विघटनातून येतात. भट्टीच्या उष्णतेने सायनाइडचा मोठा भाग उडून जातो, तरीही कडू बदाम चिमटीनेच वापरायचे असतात. 'आमारेत्ती' या शब्दाचा अर्थच 'किंचित कडू'. हिब्रू बायबलमध्येही बदामाचे झाड दोन तोंडांनी बोलते. यिर्मयाला दिसलेल्या दर्शनात बदामाची डहाळी म्हणजे जागता देव, कारण हिब्रूत बदाम आणि जागा असणे हे शब्द जवळजवळ सारखे आहेत आणि हिवाळा सरण्याआधी हेच झाड सगळ्यांच्या आधी जागे होऊन फुलते. उपदेशकाच्या पुस्तकात मात्र बदामाचा पांढरा बहर म्हाताऱ्याच्या पिकल्या केसांची आठवण देतो. तिथून पुढे माणूस आपल्या कायमच्या घरी निघतो. मध्ययुगीन चित्रकारांनी ख्रिस्ताभोवती जे लंबगोल तेजोवलय काढले त्याला इटालियनमध्ये 'मान्दोर्ला' म्हणतात, म्हणजे बदामच. मृतांच्या दिवसाला याहून योग्य फळ मिळणे कठीण होते.

तरीही बदाम या विधीत उशिरा आला. आधी तिथे खराखुरा फावा होता.

प्राचीन भूमध्य समुद्राच्या प्रदेशात फाव्याभोवती भीती होती. पायथागोरसने आपल्या शिष्यांना फावा खाण्यास मनाई केली होती, असे प्राचीन लेखक सांगतात. इसवी सन ७९ मध्ये वेसूव्हियसच्या स्फोटात मरण पावलेल्या थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात या मनाईचे एक कारण नोंदवले आहे: मृतांचे आत्मे फाव्यात असतात अशी समजूत होती आणि म्हणूनच पितरांच्या विधीत तो वापरत. ज्युपिटरच्या मुख्य पुजाऱ्याला फाव्याला स्पर्श करण्याची आणि त्याचे नाव घेण्याचीही बंदी होती. फाव्याच्या पांढऱ्या फुलावर काळे ठिपके असतात. रोमनांना त्यांत शोकाची अक्षरे दिसत. आधुनिक वैद्यकाने या भीतीला आणखी एक आधार दाखवला आहे. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांनी फावा खाल्ला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते आणि क्वचित जीवही जातो. सार्डिनिया आणि दक्षिण इटलीत ही कमतरता बरीच आढळते. पायथागोरसच्या मनाईचे मूळ त्यात होते, हा मात्र केवळ तर्क आहे.

रोमन लोक मृतांना दोन तऱ्हांनी खाऊ घालत. फेब्रुवारीच्या १३ ते २१ तारखांना पारेन्तालिया असे. त्या दिवसांत थडग्यावर हार, धान्याचे दाणे, थोडे मीठ आणि दारूत भिजवलेली भाकरी ठेवत. ओव्हिडने 'फास्ती' या काव्यात हे सांगितले आहे आणि पितरांच्या मागण्या थोड्या असतात, त्यांना महागड्या दानापेक्षा भक्ती प्रिय असते, असेही म्हटले आहे. मे महिन्यात ९, ११ आणि १३ तारखांना लेमूरिया असे. त्याचा सूर वेगळा होता. मध्यरात्री घरचा कर्ता अनवाणी उठे, हात धुई आणि तोंड फिरवून काळे फावे मागे टाकत जाई. या फाव्यांनी मी स्वतःला आणि माझ्या माणसांना सोडवून घेतो, असे तो नऊ वेळा म्हणे. मागून येणारी भुते ते दाणे वेचतात अशी समजूत होती. वळून पाहायचे नाही हा नियम होता. पहिल्या विधीत अन्न ही माया आहे, दुसऱ्यात खंडणी. पण खाणारा दोन्हीकडे एकच, मृत स्वतः. पहिले उत्तर हे.

दुसऱ्या उत्तराची सुरुवात एका दारवानापासून होते. इसवी सन ३८५ च्या सुमारास मोनिका नावाची आफ्रिकेतली एक विधवा मुलामागोमाग मिलानला आली. गावच्या रीतीप्रमाणे ती संतांच्या थडग्यांवर लापशी, भाकरी आणि थोडी दारू घेऊन गेली. दारवानाने तिला अडवले. बिशप आंब्रोझ यांनी ही चाल बंद केली होती. दारुड्यांना निमित्त मिळू नये हे एक कारण होते, आणि हा प्रकार मूर्तिपूजकांच्या पारेन्तालियासारखा दिसतो हे दुसरे. मोनिकेने वाद घातला नाही. तिचा मुलगा ऑगस्टीन याने 'कबुलीजबाब' या आत्मकथनाच्या सहाव्या भागात लिहिले आहे की त्यानंतर ती टोपलीऐवजी प्रार्थना घेऊन जाऊ लागली आणि द्यायचे ते गरिबांना देऊ लागली. या एका परिच्छेदात मोठा पालट नोंदला गेला आहे. टोपली तीच, हातही तोच, घेणारा बदलला.

त्याच दशकांत आणखी दोन घटना घडल्या. रोममधला धनाढ्य सिनेटर पाम्माखियस याची पत्नी वारली तेव्हा त्याने संत पीटरच्या बॅसिलिकेत गरिबांच्या पंगती घातल्या आणि नोलाच्या पाउलिनस याने पत्र लिहून त्याचे कौतुक केले. ऑगस्टीनने ३९२ च्या सुमारास कार्थेजच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात तर धोरणच सुचवले आहे: मृतांच्या नावाने जे ठेवले जाते त्यात डामडौल नसावा, मागेल त्याला ते ताठा न करता द्यावे, आणि पैसे असतील तर तिथल्या तिथे गरिबांत वाटावेत. चाल मोडायची नाही, तिचे तोंड वळवायचे, हा त्याचा विचार दिसतो.

पण प्रश्न इथे संपत नाही, खरे तर इथेच सुरू होतो. गरिबाने खाल्लेल्या भाकरीने मेलेल्याचे काय भले होते? एकाचे पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर कसे जाते? पाउलिनसने हाच प्रश्न ऑगस्टीनला विचारला. एका आईने आपल्या मुलाला नोला येथे संत फेलिक्सच्या समाधीजवळ पुरले होते. त्याचा त्या मुलाला काही उपयोग आहे का? ४२१ च्या सुमारास ऑगस्टीनने एक छोटा प्रबंधच उत्तरादाखल लिहिला. अंत्यविधीचा थाट हा जिवंतांचे सांत्वन आहे, मृतांची मदत नव्हे, असे तो स्पष्ट म्हणतो. प्रार्थना, वेदीवरचा यज्ञ आणि दानधर्म यांचा उपयोग होतो, पण ज्यांनी आयुष्य असे काढले की त्यांना या गोष्टींचा उपयोग व्हावा, अशांनाच. म्हणजे बाहेरून पुण्य ओतता येत नाही. जगताना जी जागा तयार केली तीच भरता येते. याच प्रबंधात एक हळवी जागा आहे. मृतांना जिवंतांकडे येता येत असते तर माझी आई एक रात्रही मला भेटल्यावाचून राहिली नसती, असे तो लिहितो. मोनिका ३८७ मध्ये ओस्तिया बंदरात वारली होती. मला कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिने मुलांना सांगितले होते.

पुढच्या सहस्रकाने या विचाराला चौकट दिली. फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा अधिपती ओदिलो याने दहावे शतक सरताना आपल्या मठांत २ नोव्हेंबर हा सर्व मृतांसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. सर्व संतांचा सण १ नोव्हेंबरला होताच. त्याच्या दुसऱ्या दिवशी संत नसलेल्या सामान्यांची आठवण. ही प्रथा हळूहळू पश्चिमेकडच्या साऱ्या चर्चमध्ये पसरली. शुद्धिस्थान, म्हणजे स्वर्गाआधी जीव निर्मळ होण्याची अवस्था, ही कल्पना १२७४ च्या लिऑन आणि १४३९ च्या फ्लॉरेन्स येथील धर्मपरिषदांनी सिद्धांत म्हणून मांडली. तिथल्या जीवांना जिवंतांच्या मिस्सा (वेदीवरच्या यज्ञाच्या उपासना), प्रार्थना आणि दान यांची मदत होते, असे त्यात म्हटले आहे. थॉमस अक्वायनसच्या विचारात या मदतीचा आधार प्रेम हा आहे: प्रेमात मरण पावलेला माणूस आणि जिवंत माणूस एकाच देहाचे अवयव राहतात, म्हणून एकाचे कृत्य दुसऱ्याला परके नसते. लूथरने पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीवर १५१७ मध्ये जो हल्ला केला तो या चौकटीच्या सर्वांत दुबळ्या जागी होता. प्रेमाची देवघेव पैशाची झाली होती. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने शुद्धिस्थानाचा सिद्धांत कायम ठेवला, पण त्याच ठरावात अंधश्रद्धा आणि हलकट नफा यांना आळा घालण्याची आज्ञा बिशपांना दिली. लूथरच्या टीकेत तथ्य होते, याची ही कबुलीच मानली पाहिजे.

या वादात अन्नाची बाजू क्वचितच पाहिली जाते. प्रार्थना मनात करता येते, मिस्सा पैसे देऊन म्हणवून घेता येते. अन्नाचे तसे नाही. त्याला खाणारा लागतो, आणि तो जिवंतच लागतो. इटलीच्या अनेक भागांत २ नोव्हेंबरला मोठ्या हंड्यांत फावा शिजवून गरिबांना आणि वाटसरूंना वाटत. भुतांपुढे टाकलेला दाणा भुकेल्याच्या वाडग्यात पडला. मृताच्या नावाने शिजलेल्या अन्नाने निदान एक पोट नक्की भरते. हे समजायला शुद्धिस्थानाचा सिद्धांत मान्य असण्याचीही गरज नाही. तीन उत्तरांपैकी हे दुसरे उत्तर सर्वांत भक्कम आहे ते यामुळे.

कडधान्याचा बदाम कसा झाला, याची वाट सिसिलीतून जाते. ग्रीकांच्या काळापासून तिथे बदाम होता. ८२७ पासून बेटावर आलेल्या अरबांनी ऊस आणला, आणि बदाम व साखर एकत्र आली. पुढे हे ज्ञान ननांच्या मठांत जपले गेले. पालेर्मोतला असा एक मठ एलोइझा मार्तोराना हिने ११९४ मध्ये स्थापला. त्याच्या नावावरून बदामाच्या पिठाच्या हुबेहूब फळांना 'फ्रुत्ता मार्तोराना' म्हणतात. बड्या पाहुण्याच्या स्वागताला ओक्याबोक्या झाडांवर ननांनी ही फळे टांगली, अशी दंतकथा आहे. ट्रेंटच्या परिषदेनंतर मठांची दारे कडेकोट बंद झाली आणि मिठाई भिंतीतल्या फिरत्या लाकडी पाळण्यातून बाहेर जाऊ लागली. घेणाऱ्याला करणारीचा चेहरा दिसत नसे. १८६६ च्या कायद्याने इटालियन राज्याने मठांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या, मठ ओस पडत गेले आणि कृती हलवायांकडे आल्या. एरिचे गावच्या सान कार्लो मठात वाढलेल्या मारिया ग्रामातिको यांनी तिथले काम पाहून पाहून शिकून घेतले आणि १९६४ मध्ये स्वतःचे दुकान काढले. मठांच्या कृती विसाव्या शतकात टिकल्या त्या अशा हातांमुळे.

सिसिलीतच तिसरे उत्तर तयार झाले. तिथे १ नोव्हेंबरच्या रात्री घरातले मृत येतात आणि मुलांसाठी मिठाई व खेळणी ठेवून जातात. सकाळी मुले घरभर ती शोधतात. मार्तोरानाची फळे, साखरेच्या बाहुल्या आणि 'ओस्सा देइ मोर्ती', म्हणजे मृतांची हाडे. या हाडांची कृती विलक्षण आहे. साखर, मैदा, पाणी आणि लवंग यांचे पीठ आकार देऊन काही दिवस वाळवतात. वरचा थर सुकून कडक होतो. भाजताना आतली साखर वितळून खाली उतरते. वर पांढरे, पोकळ हाड आणि खाली तपकिरी साखरेची बैठक राहते. उत्तरेकडे पिएमोन्ते आणि लोम्बार्दियात हाडे करतात ती बदाम घालून. लोम्बार्दियात 'पान देइ मोर्ती' हा प्रकारही आहे, त्यात उरलीसुरली बिस्किटे चुरून बदाम आणि सुक्या अंजिरांबरोबर पुन्हा मळतात.

मृतांची हाडे खाणे म्हणजे पूर्वजांना पोटात घेणे, असा अर्थ काही मानववंशशास्त्रज्ञांनी लावला आहे. तो आकर्षक आहे, पण ताणलेला वाटतो. ज्या धर्मात भाकरीला ख्रिस्ताचा देह मानतात त्या धर्माला अन्न आणि देह यांतले अंतर चांगलेच समजते. सिएनाची रिच्चारेल्ली ज्या पातळ पापुद्र्यावर भाजतात तो 'ओस्तिया' म्हणजे वेदीवर वापरतात तसाच पापुद्रा. पण त्यावर धर्मगुरूचे शब्द उच्चारले गेलेले नसतात, म्हणून तो नुसते पीठ आणि पाणी असतो, आणि याबद्दल सिएनातल्या कुणाचाही घोटाळा होत नाही. तसेच हाडाचे. सिसिलियन मूल आजोबांना खात नाही, आजोबांनी आणलेले खाते. दिशा पूर्ण उलटी झाली आहे. रोमन कर्ता मृतांना देत होता, मध्ययुगीन माणूस मृतांच्या वतीने देत होता, इथे मृतच देतात. आईवडिलांनी रात्री जागून रचलेल्या या खोट्यात एक गोष्ट खरी आहे: मुलाला जे मिळते त्यातले बरेचसे खरोखर मेलेल्या माणसांकडूनच आलेले असते, घर, भाषा, नाव, आणि बिस्किटाची कृतीसुद्धा.

या कथेचा एक धागा गोव्यापर्यंत पोचतो. जुन्या गोव्यात १६०६ मध्ये ऑगस्टीनच्या पंथातल्या ननांसाठी मठ स्थापन झाला, त्याला मोनिकेचेच नाव दिले आहे: सांता मोनिका. गोव्यातली कॅथलिक कुटुंबेही २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात आणि मृतांसाठी मिस्सा म्हणवून घेतात. युरोपात बदामाने जे केले ते गोव्याच्या नाताळच्या मार्झिपानमध्ये बहुधा काजू करतो, पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेला.

मोनिकेचे अवशेष १४३० मध्ये ओस्तियाहून रोमला हलवण्यात आले आणि आज ते तिथल्या सांत आगोस्तीनो या चर्चमध्ये आहेत. लापशी आणि भाकरी घेऊन जाण्यास जिला मनाई झाली होती, तिचे अवशेष जिथे आहेत त्या शहरात नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत बेकऱ्यांतून मृतांचे फावे वजनावर विकले जातात.